भिंतींचा पंचनामा

दादरचे आंबेडकर भवन आणि त्याच आवारातील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारातच, पाडण्यात आले. वर्गात त्याविषयी बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण ती इमारत हेरिटेज होती का?" प्रश्न निरागस होता. मला मात्र तो रात्रभर छळत राहिला.

मुंबईत वारसावास्तूंचे नियम १९९५ पासून आहेत. यादीतली इमारत पाडायची तर वारसा समितीचा सल्ला आणि आयुक्तांची परवानगी लागते. म्हणजे हिच्यात जपण्याजोगे काही नाही, असे कोणाला तरी सहीनिशी लिहावे लागते. येथे तेही करावे लागले नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याचे ३५४ वे कलम मोडकळीस आलेल्या बांधकामासाठी आहे. ते भिंतीची भेग पाहते. त्या भिंतीआड काय छापले गेले, हे विचारण्याची त्यात सोयच नाही. विश्वस्तांनी बोट दाखवले ते याच कलमाखालच्या नोटिशीकडे. इतिहास नाकारण्याची गरजच पडली नाही. तो विचारलाच गेला नाही.

वास्तविक वारसा ठरवण्याच्या निकषांत केवळ कमानी आणि घुमट नाहीत. सामाजिक इतिहासाशी संबंध, थोर व्यक्तींशी आणि घटनांशी संबंध, हेही तेथे लिहिलेले आहे. १९३० साली निघालेला 'जनता', १९५६ साली त्याचाच झालेला 'प्रबुद्ध भारत', ही पत्रे ज्या छापखान्याशी जोडलेली, तो या निकषांत बसत नाही काय? माझा आजा निरक्षर. तो अंक दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि घडी घालून पेटीत ठेवायचा. आमच्या घरात आलेला पहिला छापील कागद तो. आदल्याच वर्षी, २०१५ साली, राज्य शासनाने बाबासाहेब लंडनला विद्यार्थी असताना राहिले ते घर विकत घेतले. चांगलेच केले. पण दादरच्या छपराची डागडुजी कोणाला सुचली नाही.

आणखी एक कडू गोष्ट. पाडणारे परके नव्हते. १९४४ साली बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे ते विश्वस्त होते. सतरा मजली नवे भवन उभारू, असे त्यांचे म्हणणे. गळक्या छपराखाली बसणाऱ्याला नवी इमारत हवी असते, हे मी चाळीत वाढल्यामुळे जाणतो. ती मागणी मला खोटी वाटत नाही. पण त्यासाठी पहाटेचा अंधार कशाला लागतो? १९ जुलैला भायखळ्याहून निघालेल्या प्रचंड मोर्चाने हेच विचारले.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले नाही. आमच्या तालुक्यात वर्गणी काढून बांधलेले एक जुने वसतिगृह आहे. नगरपालिकेत जाऊन त्याची नोंद उतरवून आण, एवढेच सांगितले. आठ दिवसांनी त्याने कागद आणला. त्यावर होते : 'पत्र्याची शेड, जुनी.'