कोपऱ्यातल्या सूचनेची कुळकथा

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये अर्ज सेव्ह झाला, फाइल अपलोड झाली किंवा इंटरनेट तुटले, की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी उमटते, काही सेकंद थांबते आणि आपोआप नाहीशी होते. प्रोग्रॅमर तिला टोस्ट म्हणतात. एकदा लिहिलेला आणि अ‍ॅप्लिकेशनभर कुठूनही वापरता येणारा तयार कंपोनंट म्हणून ती आज बहुतेक कंपोनंट-संचांत मिळते. तिच्या इतिहासात एकच वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो: माणसाचे चालू काम मध्येच थांबवण्याचा हक्क यंत्राला कितपत असावा?

खिडक्या आणि माउस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्याआधीच या वादाला तोंड फुटले होते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेल्या बीएसडी युनिक्समध्ये १९८० साली ‘बिफ’ नावाची आज्ञा आली. हे नाव तिथल्या संगणक विभागात सगळ्यांच्या ओळखीच्या असलेल्या एका कुत्र्याचे. नवी मेल आली की बिफ पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराच्या पहिल्या काही ओळी टर्मिनलवर छापत असे. काम अडत नसे, पण समोर जे काही लिहिणे चालू असेल त्याच्यावरच या ओळी येऊन पडत. सूचनेला स्वतःची वेगळी जागा हवी, ही गरज तिथे उघडी पडली.

१९८४ च्या मॅकिंटॉशने ती जागा दिली, पण सोबत सक्तीही आणली. त्याच्या अलर्ट-चौकटी साधी नोंद, सावधगिरी आणि थांबा अशा तीन दर्जांच्या होत्या. बटण दाबेपर्यंत प्रोग्रॅममध्ये दुसरे काही करता येत नसे. अशा चौकटीला मोडल म्हणतात. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आणि पुढे अ‍ॅपलमध्ये काम केलेले लॅरी टेस्लर माणसाला एका अवस्थेत अडकवणाऱ्या मोडच्या विरोधाबद्दल इतके आग्रही होते, की त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवर ‘नो मोड्स’ असे लिहिलेले होते. तरीही मोडल चौकट टिकली, कारण काही प्रश्नांना उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सेव्ह न केलेली फाइल बंद करताना यंत्राने विचारलेच पाहिजे.

वेबवर मात्र हीच चौकट अपवाद न राहता रोजची झाली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घडवली आणि तिच्यासोबत ‘अलर्ट’ हे फंक्शन आले. एका ओळीत संदेश दाखवता येई, हा त्याचा मोठा गुण. ‘ओके’ दाबेपर्यंत पानाचा सगळा प्रोग्रॅम त्याच ओळीवर खिळून राही, हा त्याचा मोठा दोष. चूक शोधायला आणि वापरकर्त्याशी बोलायला दोन्हीकडे तेच वापरले जाऊ लागले. कोणी ते अखंड फेऱ्यात टाकले, तर पान बंद करणेही अवघड होई. म्हणून पुढे ब्राउझरांनी ‘या पानाला आणखी चौकटी उघडू देऊ नका’ अशी सोय जोडली. २०१९ मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातल्या पोलिसांनी अखंड चौकटी उघडणाऱ्या अशा एका पानाची लिंक टाकल्याबद्दल एका १३ वर्षांच्या मुलीवर कारवाई केली, तेव्हा तिथल्या प्रोग्रॅमरांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. ती नापसंती रास्त होती. दोष मुलीचा कमी आणि वापरकर्त्याला अडकवू देणाऱ्या रचनेचा जास्त होता.

दुसरा वाईट वारसा जाहिरातींचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळावर काम करणाऱ्या इथन झुकरमन यांनी जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला. जाहिरातदाराचे नाव आक्षेपार्ह पानाच्या मजकुराशी जोडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधल्या लेखात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर अशा खिडकीचे पॉप-अप हे नाव बदनाम झाले होते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्स्प्लोररलाही पॉप-अप रोखणारी सोय मिळाली. वेगळ्या खिडकीचा भरवसा संपला. पानाच्या आतच स्वतःची पट्टी रेखाटणे, हा मार्ग मोकळा होता.

त्या पट्टीचा नमुना डेस्कटॉपवर तयारच होता. १९९९ मध्ये आलेल्या एमएसएन मेसेंजरमध्ये मित्र ऑनलाइन आला की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन वर सरके आणि थोड्या वेळाने मागे जाई. टोस्टरमधून पाव वर यावा तशी ही हालचाल, आणि टोस्ट हे नाव त्याच मेसेंजरच्या चमूत पडले असे मानले जाते. आउटलुक २००३ ने नव्या मेलसाठी हळूच उमटून विरणारी सूचना आणली. २००४ मध्ये मॅकवर आलेल्या ग्राउलने हा विचार निर्णायकपणे पुढे नेला. प्रत्येक प्रोग्रॅमने आपली पट्टी वेगळी काढण्याऐवजी संदेश ग्राउलकडे सोपवायचा. कुठे, किती वेळ आणि कोणत्या रूपात दाखवायचा ते ग्राउल ठरवी. सूचनेचा मजकूर आणि तिची मांडणी यांची ही फारकत आजच्या टोस्ट कंपोनंटचा खरा पाया आहे. २००८ च्या अँड्रॉइडमध्ये टोस्ट हा वर्ग पहिल्या आवृत्तीपासूनच होता आणि त्याला मुदती दोनच: साधारण २ सेकंद किंवा ३.५ सेकंद.

याच काळात डिझायनर अझा रास्किन यांनी २००७ मध्ये एका लेखात आग्रह धरला, की इशारा देण्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्यावी. ‘खरेच पुसायचे का?’ या प्रश्नाला माणसे सवयीने ‘हो’ म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न राखण करत नाही. आधी पुसावे, मग ‘पुसले’ असे सांगून शेजारी ‘पूर्ववत करा’ ठेवावे. या मांडणीने छोट्या पट्टीला पहिल्यांदा खरे काम मिळाले. गूगलने आपल्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-पद्धतीत कृतीचे बटण असलेल्या अशा पट्टीला स्नॅकबार म्हटले.

वेबवर सुरुवातीला जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा आधार होता. २०१२ च्या सुमारास आलेल्या टोस्टरसारख्या लायब्ररी पानाच्या शेवटी एक चौकट चिकटवत आणि ठरावीक वेळाने ती काढून टाकत. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी सर्वांसाठी खुली झाली आणि पानाचा प्रत्येक भाग कंपोनंट बनला, तेव्हा नवा पेच आला. संदेश अर्जाच्या कंपोनंटमध्ये जन्मतो, पण अर्ज बंद झाल्यावरही तो दिसत राहायला हवा. मग त्याचा मालक कोण? उत्तर ग्राउलच्याच वळणाचे निघाले. अ‍ॅप्लिकेशनच्या मुळाशी एकच संग्राहक ठेवायचा. कोणत्याही कंपोनंटने त्याच्याकडे फक्त मजकूर आणि प्रकार धाडायचा. संग्राहक प्रत्येक संदेशाला ओळखक्रमांक देतो, रांग लावतो, घड्याळ सुरू करतो आणि माउस पट्टीवर असेपर्यंत ते थांबवतो. सप्टेंबर २०१७ मधल्या रिअ‍ॅक्ट १६ ने पोर्टल दिले. त्यामुळे कंपोनंट तर्काने आपल्या जागी राहून पडद्यावर मात्र पानाच्या सगळ्यात वरच्या थरात उमटू शकला, आणि पट्टी दुसऱ्या चौकटीखाली दडण्याचा त्रास कमी झाला. डिसेंबर २०१८ मध्ये बूटस्ट्रॅप या कंपोनंट-संचाच्या ४.२ आवृत्तीतही टोस्ट आला.

२०१९ मध्ये क्रोमच्या चमूने टोस्ट ब्राउझरमध्येच असावा असा प्रस्ताव मांडला. प्रमाणीकरणाची चर्चा पुरेशी न होता तो पुढे रेटला जातोय आणि सुगमतेचे प्रश्न सुटलेले नाहीत, अशी टीका झाली. प्रस्ताव बारगळला. त्यातली वरच्या थराची गरज पुढे पॉपओव्हर या गुणधर्माने भागवली आणि २०२४ पर्यंत तो सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचला.

सुगमतेचा प्रश्न मात्र मुळातला आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला कोपऱ्यातली पट्टी दिसत नाही. ती वाचून दाखवली जावी म्हणून संग्राहकाला आरिया-लाइव्ह ही खूण द्यावी लागते. हा संग्राहक रिकामा का होईना, पानावर आधीपासून असावा लागतो. खूण आणि मजकूर एकाच वेळी आले, तर अनेक स्क्रीन रीडर गप्प राहतात. जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधल्या ४.१.३ या निकषानुसार स्थितीचा संदेश फोकस न हलवता सहायक तंत्रांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. पडदा मोठा करून पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात तो कोपरा बहुधा नसतोच, आणि सावकाश वाचणाऱ्याला पाच सेकंद पुरत नाहीत. म्हणून चूक सांगणारा संदेश टोस्टमध्ये ठेवू नये. तो ज्या रकान्यात चूक झाली तिथेच, दुरुस्ती होईपर्यंत राहावा. गिटहबच्या प्रायमर या डिझाइन-पद्धतीने तर टोस्ट वापरूच नये असा सल्ला दिला आहे. त्याऐवजी पानातच टिकून राहणाऱ्या पट्ट्या आणि कृतीच्या जागीच दिसणारा परिणाम सुचवला आहे.