पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरवर काय आहे? भूकंपाच्या लहरींमुळे ते कसं कळतं?

माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. खोली १२ किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. पृथ्वीचं प्रावरण, म्हणजेच मॅन्टल, मात्र सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलंय. मग त्याच्या आतले थर कसे ओळखले? भूकंपाच्या लहरींमुळे.

लहरी सीमा कशी दाखवतात?

मोठ्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. वाटेत खडकाची घनता आणि कडकपणा बदलला की त्यांचा वेग बदलतो, त्या वळतात आणि काही परत फिरतात. कुठल्या केंद्रावर त्या किती वेळात पोहोचल्या, यावरून आतल्या सीमा शोधता येतात. १९०९ मध्ये आंद्रिया मोहोरोविचिच यांनी क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदींवरून भूकवच आणि प्रावरण यांच्यातली सीमा अशीच शोधली.

४१० आणि ६६० किलोमीटरवर काय घडतं?

या दोन्ही खोलींवर लहरींचा वेग अचानक वाढतो. प्रावरणाच्या वरच्या भागात ऑलिव्हिन हे खनिज भरपूर आहे. वाढत्या दाबामुळे ४१० किलोमीटरच्या आसपास त्यातल्या अणूंची मांडणी अधिक घट्ट होते. ६६० वर त्याच्या दाट रूपाचं विघटन होऊन आणखी दाट खनिजं तयार होतात.

याचा उपयोग काय?

खाली बुडणाऱ्या भूपट्टांपैकी काही ६६० च्या सीमेजवळ अडतात, तर काही ती ओलांडून खाली जातात. म्हणून प्रश्न पडतो, की वरचं आणि खालचं प्रावरण एकमेकांत पूर्ण मिसळतं का? पृथ्वीच्या आतली उष्णता बाहेर कशी येते, हे समजण्यासाठी याचं उत्तर हवंय.

१९९४ मध्ये बोलिव्हियात सुमारे ६३० किलोमीटर खोलीवर ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा भूकंपांच्या विखुरलेल्या लहरी तपासून वेन्बो वू, सिदाओ नी आणि जेसिका आयर्विंग यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: ६६० ची सीमा काही ठिकाणी गुळगुळीत, तर काही ठिकाणी बरीच खडबडीत आहे. ४१० वर मात्र तसा खडबडीतपणा आढळला नाही. दाब-तापमानामुळे होणाऱ्या बदलाने एवढे बारीक चढउतार स्पष्ट होत नाहीत. त्यामुळे तिथे खडकांची रासायनिक घडणही वेगळी असावी, म्हणजेच दोन्ही भाग पूर्ण मिसळलेले नसावेत, असं संशोधकांना वाटतं.