सरबराईपासून सपाट बिछान्यापर्यंत

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळी आणि पुढची कित्येक वर्षे विमानप्रवासातले सुख म्हणजे सरबराई. कारण भाड्यात होते. ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना दर ठरवी, म्हणून कंपन्या ताटावर आणि आदबीवर झुंजत. १९५८ मध्ये तर अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गात युरोपीय कंपन्या फार भरगच्च सँडविच देतात, अशी अमेरिकी कंपन्यांनी तक्रार केली! एअर इंडियाचे बोधचिन्ह असलेला महाराजा याच काळात नावारूपाला आला, आणि त्याचा लौकिक खरोखर अभिमानाचा होता.

सत्तरच्या दशकात सवलतीची तिकिटे वाढली. पूर्ण भाडे भरणाऱ्याला शेजारच्यासारखीच खुर्ची मिळू लागली, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा वर्ग निघाला. क्वांटासने १९७९ मध्ये त्याला ‘बिझनेस क्लास’ म्हटले. तरी माणूस रात्र बसूनच काढत होता. खरा पालट २००० मध्ये झाला. ब्रिटिश एअरवेजने काही आसने उलट्या तोंडाची केली आणि तेवढ्याच जागेत पूर्ण सपाट बिछाने बसवले. २०१७ मध्ये कतार एअरवेजने आसनाला दारही लावले.

मग आतिथ्याला मोल नाही का? आहे, पण जेवण तासाभरात उरकते, पाठ मात्र रात्रभर टेकायची असते. शिवाय एकाच कंपनीच्या दोन विमानांत आसने निराळी असतात. म्हणून कंपनीच्या लौकिकाआधी विमानाचा प्रकार आणि आसनांची मांडणी पाहा, मगच तिकीट काढा.