मिळकत पत्रिकेतला 'ब'

इचलकरंजीत घर विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी मिळकत पत्रिकेतला 'सत्ता प्रकार' बघतं. तिथे 'ब' दिसला की व्यवहार अडतो. 'ब' म्हणजे सहसा सरकारने अटींवर दिलेली जागा. घर तुमचं, पण विकायला परवानगी नि नजराणा.

1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग आला, तेव्हा गाव घोरपड्यांच्या जहागिरीत होतं. 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं. पुढे 1966 च्या जमीन महसूल संहितेने तीनच कप्पे ठेवले: भोगवटादार वर्ग 1, वर्ग 2 आणि सरकारी पट्टेदार. जहागिरीतले हक्क त्यांत कुणी, कसे बसवले? माझा प्रश्न तोच. नियमांनुसार पैसे भरून वर्ग 1 होता येतं खरं, पण मूळ नोंदच चुकली असेल तर?

म्हणून कायदा वाचून थांबू नका. सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही मागा.