गिरगाव ते लालबाग : एका पंगतीचा इतिहास

मुंबई पाहावयास आलेल्या पाहुण्यास आपण अपोलो बंदर, राणीचा बाग आणि चौपाटी दाखवितो व दुपार झाली म्हणजे वाटेतल्या एखाद्या उपाहारगृहात त्यास जेवावयास नेतो. पाहणे निराळे आणि जेवणे निराळे, अशी आपली समजूत असते. परंतु माझे वऱ्हाडातील एक स्नेही मुक्कामास आले असता त्यांच्यासमवेत गिरगावापासून लालबागेपर्यंत जो दिवस घालविला, त्यात माझी खात्री पटली की या शहरातील मराठी वस्तीचा इतिहास जाणावयाचा असेल, तर कोण कोणाच्या हातचे आणि कोणाशेजारी बसून जेवला, हा प्रश्न घेऊनच निघावे.

गिरगावात आम्ही प्रथम प्रार्थना समाजाच्या मंदिरापाशी थांबलो. १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी स्थापिलेल्या आणि पुढे रानडे-भांडारकरांच्या सहवासाने तेजस्वी झालेल्या या समाजाची पूर्वपीठिका ज्या परमहंस सभेत आहे, ती सभा आत्मारामपंतांचे बंधू दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनी १८४९ च्या सुमारास मुंबईत गुप्तपणे आरंभिली होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी, आणि ती केवळ जिभेवर राहू नये म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा त्या सभेचा दंडक होता. ज्या काळी एवढ्या एका घासावरून माणूस वाळीत पडे, श्राद्धाला ब्राह्मण मिळेनासा होई आणि उपवर मुलीचे लग्न अडून बसे, त्या काळी बंद दाराआड का होईना, पण तो घास घेणे हे लहानसहान धैर्य नव्हते. १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे फुटतील या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा मोडली. या मंडळींनी उघडपणे लढा का दिला नाही, असा आक्षेप स्नेह्यांनी घेतला. तो मला मान्य नाही. पुढच्या पिढ्यांना जे उघडपणे करता आले, त्याचा अभ्यास कोणीतरी आधी गुप्तपणे केलेलाच असतो.

खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांची घरे पाहून आणि १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा करणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळींतून फेरी मारून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा भूक लागली होती. याच वाडीतील अनंताश्रमाची मासळीची गोमंतकी थाळी एके काळी सर्व मुंबईत विख्यात होती. तो आता बंद झाला आहे. अशा खानावळी गिरगावात का निपजल्या, हे उघड आहे. कोकणातून आणि देशावरून कचेऱ्यांत, पेढ्यांत आणि महाविद्यालयांत दाखल झालेला तरुण एकटा येई, चाळीतल्या एका खोलीत चौघांसह राही आणि दरमहा ठराविक रक्कम देऊन दोन वेळचे जेवण बांधून घेई. मात्र जेवण बांधताना स्वयंपाक्याची जात आधी पाहिली जाई आणि चव मागाहून.

१८९६ च्या प्लेगाने दाट वस्तीतील मृत्यूचे थैमान सरकारच्या नजरेस आणले, तेव्हा १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला आणि त्याच्या तजविजीने दादर-माटुंग्याच्या भातखाचरांवर सरळ रस्ते व मोकळ्या घरांची वसाहत आखली गेली. गिरगावचा मध्यमवर्ग हळूहळू उत्तरेस सरकला आणि त्याच्यामागोमाग त्याची न्याहारीही सरकली. १९१० साली दादरला मामा काण्यांनी जे उपाहारगृह काढले, त्याची पाटी ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह’ अशी होती. शुचितेची ती हमी त्या काळच्या गिऱ्हाइकास आवश्यक वाटत होती. तिच्यावाचून पुष्कळांनी बाहेरच्या पाण्याचा घोटही घेतला नसता. त्याच सुमारास इराण्यांच्या हॉटेलांत संगमरवरी मेजाभोवती कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा व ब्रून-मस्का घेत होता. धोबीतलावाचे कयानी १९०४ पासूनचे आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात या इराण्यांचे नाव कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

आणि मग तो पाव. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर बटाटेवडा पावात घालून विकला जाऊ लागला आणि तेथून वडापावाचा प्रसार झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्राह्मणी उपाहारगृहातला वडा आणि भटारखान्यातला पाव भर रस्त्यात एकत्र आले; उभ्या उभ्या खाणाऱ्याला शेजारच्याची जात विचारण्यास ना वेळ होता ना इच्छा. आम्हीही तो गर्दीत उभे राहूनच खाल्ला.

परळला बारादेवीच्या देवळातील शिवशिल्प पाहिले. १९३१ साली रस्त्याच्या खोदकामात सापडलेले, सुमारे सहाव्या शतकातील हे भव्य शिल्प मुंबईच्या किती रहिवाशांस ठाऊक असेल? तेथून जवळच्या पोयबावडीस इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत १९१२ ते १९३४ पर्यंत डॉ. आंबेडकर राहत होते. भोवतालच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारास अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा उष्टा धोटा इतरांस चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पंगतीतला विटाळ यंत्रापर्यंत पोहोचला होता, याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा पाया घातला, त्यानंतरच्या शतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून आलेल्या लक्षावधी पुरुषांस लालबाग-परळच्या खोल्यांत कोणी जेवू घातले, याचा दस्तऐवज फारसा सापडत नाही. जेवू घातले ते खानावळवाल्या बाईने. कोणी विधवा, कोणाचा नवरा कामावरून सुटलेला. दहा बाय बाराच्या खोलीत चुलीपुढे बसून ती पंधरा-वीस गड्यांच्या भाकऱ्या थापी, पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी डबे भरी आणि रात्रपाळीवाल्याचे ताट झाकून ठेवी. पैसे पगाराच्या तारखेस मिळत. तोवर वाण्याची उधारी तिच्या माथी आणि सावकाराकडे तारण तिच्या अंगावरचे सोने. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि ज्या बायांस बँकेच्या पायरीवर कोणी उभे केले नसते, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्जे मिळवून दिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाची चर्चा मालक, सरकार आणि युनियन या तीन नावांभोवती फिरते. पण गिऱ्हाईक बेकार झाले म्हणजे खानावळवालीचा हिशेबही त्याच दिवशी बुडतो, आणि तिला संपाची घोषणा कोणी विचारून केलेली नसते. कित्येक कामगार गावी परतले, कित्येक गिरण्या पुन्हा चालू झाल्याच नाहीत, आणि त्यांच्या जागेवर आज काचेचे मनोरे उभे आहेत. सायंकाळी लालबागच्या चिवडा गल्लीतून व मसाल्याच्या दुकानांवरून जाताना एका पोळी-भाजी केंद्रावर आम्ही थांबलो. काउंटरवरील बाईंनी सांगितले की त्यांच्या आजेसासूबाई याच चाळीत खानावळ चालवीत. आता गिऱ्हाईक कार्यालयांतून येते, पण महिनेवारी खाते आणि पगार झाल्यावर पैसे, ही वहिवाट त्यांनी मोडलेली नाही. स्नेह्यांनी दोन भाकऱ्या आणि पिठले मागितले.