व्यवसायोपचारतज्ज्ञांची कमतरता (महाराष्ट्र)

पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी किंवा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला जेवण, अंघोळ, लेखन यांसारखी कामे स्वतः करता यावीत, यासाठी व्यवसायोपचार दिला जातो. भारतात त्याचे शिक्षण अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. पुढेही शासकीय व महापालिकेचे पदवीशिक्षण मुख्यतः मुंबई-नागपुरातच राहिले. परिणामी सांगलीच्या विश्रामबागेसारख्या भागातील रुग्णाला ही सेवा सार्वजनिक रुग्णालयात सहज मिळत नाही. तिची जागा भौतिकोपचाराने भरून निघते, हा समज अपुरा आहे. खांदा हलू लागला म्हणून सदऱ्याची गुंडी लावता येतेच असे नाही. केवळ भरतीच्या जाहिरातींपेक्षा जिल्हा रुग्णालयांत नियमित पदे निर्माण करणे आणि अभ्यासक्रमातील आंतरवासितेचा काही भाग तेथे ठेवणे, हे उपाय अधिक टिकाऊ ठरू शकतात.