मोज्यातली कुसळं

मागच्या शनिवारी बॉयसीच्या टेकड्यांवर भटकून आलो आणि रविवारची अख्खी सकाळ मोज्यांतली कुसळं काढण्यात गेली. (बॉयसी म्हणजे अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी. ऑनसाईट तिथे आहे म्हटल्यावर मीही आधी नकाशाच उघडला होता.) माळावरचं कुसळी गवत लहानपणी पुष्कळ बोचलंय, तेव्हा वाटलं हा त्याचाच कुणी भाऊबंद असणार. सोमवारी सॅकला अडकलेलं एक कुसळ टीममधल्या एकाला दाखवलं. त्याच्या आजोबांचं इथे गुरांचं रँच होतं. तो एकदम गंभीर झाला. "बाकीची बाहेर झटकली नाहीस ना?"

मी बाल्कनीतून खालीच झटकली होती. मग काय, हा वीकांत त्या गवताच्या नावाने.

नाव चीटग्रास. गव्हात मिसळून शेतकऱ्याला फसवतं म्हणून 'चीट'. लिनियसने १७५३ साली त्याचं बारसं केलं, ब्रोमस टेक्टोरम. टेक्टोरम म्हणजे छपरांवरचं. युरोपात ते शाकारलेल्या छपरांवरही उगवायचं. अमेरिकेच्या पश्चिम भागात ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोचलं. गव्हाच्या बियाण्यातली भेसळ म्हणून, रेल्वेने आलेल्या मालाबरोबर. रिचर्ड मॅक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुने वाळवलेले नमुने आणि नोंदी चाळून १९८१ साली त्याचा प्रवास मांडला. आपण लॉग फाइल्स चाळून बग नेमका कधी शिरला ते शोधतो ना, अगदी तसंच. १८९३ ला वॉशिंग्टन राज्यात रिट्झव्हिल, १८९४ ला युटात प्रोव्हो, आणि १९३० च्या सुमारास जवळपास सगळीकडे.

पण इतक्या लवकर पसरायला जागा रिकामी कुणी केली? तर गुरांनी, म्हणजे अर्थात माणसांनी. इथलं मूळचं गवत बारमाही, झुपक्याझुपक्याने वाढणारं, मधेमधे सेजब्रशची झुडपं. मोठ्या कळपांच्या खुरांची त्याला सवय नव्हती. जमीन सरकारी, म्हणजे जो आधी पोचेल त्याची गुरं-मेंढरं आधी चरणार! चराईवर लगाम घालणारा टेलर ग्रेझिंग ॲक्ट आला १९३४ साली. तोवर बरेच झुपके संपले होते.

चीटग्रासचं वेळापत्रक मात्र मानलं पाहिजे. पावसाळी शरदात उगवायचं, बाकीचे झोपलेले असताना थंडीत मुळं वाढवायची, वसंतात जमिनीतली ओल पिऊन टाकायची आणि जूनपर्यंत बी पाडून वाळून जायचं. उरतो तो कागदासारखा कोरडा गालिचा. मग आग. इथलं बहुतेक सेजब्रश जळालं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. चीटग्रास पुढच्याच मोसमात हजर. जिथे पूर्वी अनेक दशकांनी आग लागायची, तिथे काही ठिकाणी ती पाच वर्षांच्या आत लागू लागली.

हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. ऑल्डो लिओपोल्डच्या १९४९ च्या पुस्तकात या गवतावर आख्खा लेख आहे, आणि त्यात त्याला जो तो हात टेकलेला दिसतो. मला मात्र खरी गंमत वाटली ती हॅलोजेटनची. हे दुसरं परदेशी तण. ते खाऊन मेंढ्या मरायला लागल्या आणि अमेरिकी काँग्रेसने १९५२ साली त्याच्यासाठी कायदाच केला. पैसा आला, रशियातून आणलेलं क्रेस्टेड व्हीटग्रास लाखो एकरांवर पेरलं गेलं. चीटग्रासच्या नावाने तेव्हा तसा कायदा झाला नाही. कारण? वसंतातले काही आठवडे ते हिरवंगार असतं आणि गुरं ते आवडीने खातात. आपल्याकडचं गाजरगवत (पुण्यात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकातली) गुरं खात नाहीत, त्यामुळे त्याचा राग करणं सोपं जातं. हे अर्धवट उपयोगी. कामचलाऊ पॅच प्रॉडक्शनमध्ये एकदा चालला, की तो काढायची हिंमत कुणी करतं का?

तरी प्रयत्न झाले. १९६० च्या दशकात नेवाडातल्या रिनोमध्ये रेमंड इव्हान्स, रिचर्ड एकर्ट आणि जेम्स यंग यांनी ॲट्राझिन फवारून जमीन वर्षभर पडीक ठेवायची, ओल साठू द्यायची आणि मग बारमाही गवत पेरायचं, अशी पद्धत बसवली. चालायचीही, पण पुढे चराऊ रानांवर ते रसायन वापरायची मान्यताच राहिली नाही. मग इमाझापिक आलं. मातीतल्या जिवाणूंवर मोठी आशा होती, ती शेतातल्या चाचण्यांत फारशी टिकली नाही. २०२० पासून इंडाझिफ्लॅम आहे. ते अंकुरच मारतं आणि काही वर्षं टिकतं. चीटग्रासचं बीही मातीत काही वर्षंच तग धरतं, म्हणजे तेवढा काळ रोखलं तर साठाच संपतो. फक्त खाली मूळचे झुपके शिल्लक हवेत. नसतील तर तेच औषध नव्याने पेरलेलं बीही उगवू देत नाही.

२०१५ मध्ये आयडाहो-ओरेगन सीमेवर सोडा फायरमध्ये सुमारे २ लाख ८० हजार एकर जळालं. २०१८ मध्ये नेवाडात मार्टिन फायर, ४ लाख ३५ हजारांच्या आसपास. माझ्या सहकाऱ्याच्या घरची चराईची जमीन पहिल्या आगीत गेली. आजोबांना त्या गवताचा राग नव्हता का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "जुलैमध्ये असायचा. एप्रिलमध्ये नाही."

त्या संध्याकाळी बाल्कनीखाली जाऊन वाकून वाकून शोधलं. वरून शेजारीण विचारत होती, काय हरवलंय. अकरा कुसळं सापडली. किती झटकली होती ते मोजलं नव्हतं.